पेंढ्याची गाठ

ऋतिका, आजोबाचं ऐक, तो मोबाइल ठेव बाजूला. आणि तुम्ही दोघं, पाय ओट्याखाली सोडून बसू नका, विंचूकाटा असतो. वर घ्या. लाइटची वाट बघू नका, वारा सुटला की आमच्या पोशीरची लाइट जाते आणि तिच्या मनात येईल तेव्हा परत येते.

झोप येत नसेल तर एक गोष्ट सांगतो. पहाटे तुम्ही निघणार समुद्रावर, ते मोठाले पतंग घेऊन, म्हणूनच सांगतो. मी पस्तीस वर्षं खोपोलीच्या कारखान्यात काढली. रात्रपाळी करून बोरघाटाच्या पायथ्याशी एकटा चालत फिरलोय, मला आजवर भूत भेटलं नाही. भेटलं असतं तर त्यालाच दोन शिव्या घातल्या असत्या. पण ही गोष्ट ज्यानं मला याच ओट्यावर बसून सांगितली त्याला तुम्ही संध्याकाळी पाहिलंत. तुमचं सामान गाडीच्या टपावर बांधून गेला ना, चहा नको म्हणाला, कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही... तोच. नीलेश.

तेवीस मे, दोन हजार चोवीस. गुरुवारची रात्र. अमावास्या होती का म्हणून विचारू नका, बुद्धपौर्णिमा होती. लख्ख चांदणं पडलं होतं.

पण त्याच्या आधीचा सोमवार सांगायला हवा. नीलेशकडे पिकअप आहे, तेव्हाही होती. उन्हाळ्यात तो पेंढा वाहायचा. पावसाळ्याच्या आत ज्याच्या त्याच्या गोठ्याच्या माळ्यावर पेंढा चढला पाहिजे, नाहीतर गुरं काय खाणार? त्या सोमवारी सकाळी शेवटची खेप त्यानं विमलबाईकडे टाकली. विमलबाई म्हणजे तळ्यापलीकडच्या घरातली. नवरा लवकर गेला, पदरात एकच मुलगा, साईराज. दोन म्हशींवर तिनं त्याला वाढवला.

आता पेंढ्याची गाठ तुम्हाला कळायची नाही, म्हणून सांगतो. पेंढा हलका, पण भरला की गाडीच्या दुप्पट उंच होतो, आणि रस्त्यानं सारखा हलतो. साधी गाठ सैल पडते. म्हणून नायलॉनच्या दोरीला दोन वेढे द्यायचे, पाय लावून आवळायचं आणि शेवट वेढ्याखालून उलटा खोचायचा. जितका ओढा बसेल तितकी ती गाठ घट्ट होते. ती कोणी सोडत बसत नाही. खेप पोचली की विळ्यानं कापायची. शिवाय नीलेश डावखुरा. त्याचे वेढे उलटे बसायचे. अख्ख्या पोशिरात पेंढ्याची गाडी बघून लोक सांगायचे, ही नीलेशची.

तर विमलबाईनं त्याच्याच विळ्यानं त्याच्याच गाठी कापल्या. पेंढा उतरला. नीलेश विळा परत सीटखाली ठेवायला लागला तेव्हा साईराज म्हणाला, "नील्या, विळा नको घेऊ रं. आचारसंहिता हाय अजून. नाक्यानाक्यावर गाड्या तपासतायत. पोलीस म्हनतील, हत्यार घेऊन कुठं चाललाव?"

"विळा काय हत्यार हाय?"

"त्यांना कोण सांगंल? ठेव आयेकडं. आल्यावर घे."

विळा विमलबाईच्या घरी राहिला. तिनं तो दारामागच्या खुंटीला अडकवला. एवढं लक्षात ठेवा.

तिघं निघाले होते. साईराज, नीलेश आणि तिसरा रूपेश, कळंबच्या एका रिसॉर्टवर स्वयंपाकाला आहे तो. साईराजनं दोन सीझन गोव्याला काम केलं, तिथं हे पतंगाच्या ओढीनं फळीवर उभं राहून पाण्यावरून धावायचं शिकला. मालकानं जाताना त्याला जुना पतंग, फळी, पट्टा सगळं देऊन टाकलं. पोरगा हुशार होता. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर स्वतःचं शिकवायचं केंद्र काढायचं त्याच्या डोक्यात बसलं होतं. त्यासाठी अलिबागपासून खाली एकेक किनारा बघत जायचं, कुठं वारा कसा आहे ते तपासायचं, असा बेत. आई म्हणायची, "पाण्यात जीव घालायचा धंदा काय रं तो?" तो म्हणायचा, "आये, कळ असती त्याला. ढकलली की सुटतो."

ऋतिका, तू सांग यांना ती कळ... नको, मीच सांगतो, तू इंग्रजीत सांगशील. त्या पतंगाच्या चार लांब दोऱ्या माणसाच्या कमरेच्या पट्ट्याला जोडलेल्या असतात. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला. आणि पट्ट्यापाशी एक लाल कळ असते. काही बिघडलं की ती ढकलायची. पतंग सुटतो, माणूस पाण्यात राहतो, जगतो. एवढीच त्याची सुटका.

साईराजची कळ झिजलेली होती. बुधवारी एका किनाऱ्यावर ती आपोआप उघडली. पतंग उडाला तो थेट सुरूच्या झाडांत जाऊन अडकला, फाटला. साईराज झाडाखाली कपाळाला हात लावून बसला. दुसरा पतंग घ्यायची त्याची ऐपत नव्हती, केंद्राचं स्वप्न तिथंच संपलं असतं. रात्रभर तिघांनी मिळून तो शिवला, वरून चिकटपट्ट्या लावल्या. आणि गुरुवारी दुपारी, श्रीवर्धनच्या अलीकडच्या एका किनाऱ्यावर, नीलेश म्हणाला, "आन तो पट्टा. मी आवळून देतो."

साईराज म्हणाला, "कळ हाय ती नील्या. बांधायची नसती."

"अरं, नुसती जराशी आवळतो. आपोआप नाय उघडनार. तू जोरात ढकलली की उघडंल."

त्यानं खिशातली निळी नायलॉनची दोरी काढली. हाताला जी सवय होती तीच गाठ पडली. दोन वेढे, पाय लावून ओढ, शेवट उलटा खोचला. वाईट हेतूनं नाही हो. मित्राचा पतंग वाचावा म्हणून. जन्मभर जो माणूस भार सुटू नये म्हणून बांधत आला, त्याला सुटण्यासाठी बांधता कसं येणार? मला त्या पोराचा राग कधी आला नाही. कीव येते, फार येते.

संध्याकाळपर्यंत सगळं छान होतं. साईराज पाण्यावरून असा जात होता की किनाऱ्यावरची पोरं टाळ्या वाजवत होती. मग डोंगराच्या बाजूला काळं आलं. मे महिन्यातलं वादळ. वारा फिरला. समुद्राकडून येत होता तो जमिनीकडून यायला लागला, एकदम, दार उघडल्यासारखा. पतंग ताणला आणि साईराजला घेऊन आत निघाला.

रूपेश ओरडला, "सोड रं! सोड ना पतंग! सोडत का नाय तो?"

नीलेशला दिसत होतं. साईराजचे दोन्ही हात कमरेपाशी होते. तो ढकलत होता. दोन्ही मुठींनी ढकलत होता. पुन्हा पुन्हा.

मग तो दिसेनासा झाला.

गावातल्या कोळ्यांनी होड्या घातल्या. अंधार पडला, लाटा वाढल्या, होड्या परत आल्या. मग वारा पडला, आभाळ मोकळं झालं, चांदणं पडलं. पाण्यावर काही नव्हतं. म्हणाले, पहाटे ओहोटीला पुन्हा जाऊ. पोलीस आले, नाव-गाव विचारलं. आणि साईराजचा फोन नीलेशच्या खिशात वाजायला लागला. पडद्यावर नाव, आये. बंद झाला. पुन्हा वाजला. आये. ती रोज जेवायच्या आधी मुलाला फोन करायची. तो फोन उचलायची नीलेशची छाती झाली नाही आणि बंद करायचीही झाली नाही.

शेवटी तो रूपेशला म्हणाला, "तू हितं थांब. मी जातो. तिला फोनवर नाय सांगनार. समोर जाऊन सांगनार, आन गाठीचंबी सांगनार."

रूपेशला तेव्हा गाठीचं कळलं. तो म्हणाला, "जा."

दहाच्या सुमारास नीलेश एकटा निघाला. गाडी रिकामी. मागे फक्त एक ताडपत्री. पतंग नाही, फळी नाही, काही नाही. म्हसळ्यापर्यंत तो रडत गाडी चालवत होता, त्यामुळे त्याच्या लक्षात आलं नाही. माणगाव ओलांडल्यावर आलं. गाडी ओढत नव्हती. रिकामी पिकअप, सपाट रस्ता, आणि इंजिन घुमत होतं. पेंढ्याची, छे, पेंढ्याची कसली, रेतीची खेप भरल्यासारखी गाडी मागे राहत होती. त्यानं उतरून टायर बघितले. हवा बरोबर होती. ब्रेक कुठं चिकटला असेल म्हणून चाकांना हात लावून बघितला. थंड.

मागच्या ताडपत्रीकडे त्यानं बघितलं नाही. का बघितलं नाही, ते त्यालाही सांगता येत नाही.

वाकण, पाली. पाली सोडल्यावर आवाज सुरू झाला. बारीक. एकसुरी. विजेच्या तारा गुणगुणतात तसा. त्याला वाटलं तारांचाच आहे. पण तारा रस्त्याच्या कडेला मागे राहिल्या, शेतं आली, आणि आवाज तसाच. गाडीबरोबर. किनाऱ्यावर तीन दिवस तो आवाज त्यानं ऐकला होता. ताणलेल्या दोऱ्यांचा.

खोपोलीत नाक्यावर दोन पोलीस उभे होते. एकानं बॅटरी मारली, मागे ताडपत्रीवर मारली, आणि हात खाली केला. बाजूला झाला. नीलेश म्हणाला, "साहेब, काय हाय का मागं?" तो पोलीस म्हणाला, "तू जा बाबा."

खोपोलीहून कर्जतला येताना पळसदरीच्या अलीकडे झाडीतला एक तुकडा आहे. घरं नाहीत. दिवसा तुम्ही तिथं फोटो काढता. तिथं गाडी थांबली.

बंद नाही पडली. इंजिन चालू. गिअर पडलेला. पाय ॲक्सिलरेटरवर दाबलेला. चाकं फिरत होती... आणि गाडी जागच्या जागी. मग हळूच मागे सरकली. एक हात. दोन हात. कोणी तरी मागून ओढत होतं.

पान हलत नव्हतं. नीलेश शपथ घेऊन सांगतो. चांदण्यात झाडाचं एक पान हलत नव्हतं.

त्यानं हँडब्रेक ओढला. उतरला. मागे आला.

गाडीच्या मागच्या फळीवर बाहेरून दोन हात होते.

फळी धरलेले. बोटं पांढरी फटक. डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर, नखापासून खाली, मतदानाची शाई. दहा दिवसांपूर्वी मतदान झालं होतं आपल्याकडे. साईराजनं शाळेबाहेर उभं राहून त्या बोटाचा फोटो काढून घेतला होता. फोटो नीलेशनंच काढला होता.

"नील्या..."

नीलेशनं खाली बघितलं नाही. वर बघितलं. चार दोऱ्या. चांदण्यात चमकत होत्या. सरळ वर गेलेल्या. वर... शेवट दिसत नव्हता.

"नील्या, हात सुटत्यात रं."

आता कळलं तुम्हाला? गाडी जड का होती? तो किनाऱ्यापासून धरून होता. त्या दोऱ्या त्याला वर ओढत होत्या, मागे ओढत होत्या, समुद्राकडे. आणि त्यानं दोन्ही हातांनी फळी धरलेली. घरी यायचं होतं त्याला. सगळा रस्ता, सगळी गावं, तो नुसता हातांवर लटकून येत होता.

"सोडव ना रं."

नीलेश गुडघ्यावर बसला. कमरेपाशी हात घातला. पट्टा थंडगार. पाणी गळत होतं, खाली डांबरावर. लाल कळ हाताला लागली. तिच्यावर दोरी. गाठ.

त्यानं नखं खुपसली. नायलॉन ओलं झालेलं, वरून एवढा ओढा. दगड झाला होता गाठीचा. एक नख उपटलं. दुसरं उपटलं. शेवट कुठं खोचलाय ते त्याला ठाऊक होतं. त्यानंच खोचला होता. तिथपर्यंत बोट जात नव्हतं.

"थांब. थांब साई. थांब."

त्यानं तोंड लावलं. दातांनी धरली. खारट. ओढली. दात हलला. रक्त आलं. गाठ तशीच.

वर दोऱ्यांचा आवाज वाढला.

"नील्या... उजवा सुटला."

एक हात सुटला होता. नीलेशनं तो धरला. दोघं मिळून वर उचलले जायला लागले. त्याच्या टाचा रस्त्यावरून उठल्या. त्यानं एका हातानं गाडीची कडी पकडली. तो रडत होता, ओरडत होता. कोणाला ओरडणार? त्या झाडीत कोण होतं?

"काप," साईराज म्हणाला.

"कशानं कापू? विळा नाय रं! विळा नाय! तुज्या आयेकडं हाय विळा!"

आणि मग...

मग आवाज थांबला. दोऱ्यांचा. सगळा.

साईराजनं त्याच्याकडे बघितलं. नीलेश म्हणतो, तेव्हाच मी त्याचं तोंड नीट बघितलं. घाबरलेलं नव्हतं. एखादी हरवलेली वस्तू कुठं ठेवली ते आठवावं, तसं.

"आयेकडं व्हय?" तो म्हणाला. "बरं."

आणि त्यानं हात सोडला.

समुद्राकडे नाही गेला. उत्तरेकडे गेला. कर्जतच्या दिशेनं, झाडांच्या शेंड्यांवरून. आवाज नाही. मग काही दिसलं नाही.

नीलेश रस्त्यात बसला. त्याला वाटलं, मी याला दुसऱ्यांदा घालवला. किती वेळ बसला ते त्याला माहीत नाही. एक दुधाची गाडी आली, तिनं हॉर्न दिला तेव्हा उजाडत होतं. गाडी हलकी झाली होती. रिकामी पिकअप जशी चालायला हवी तशी चालत होती.

कर्जत स्टेशनच्या फाटकापाशी त्याचा फोन वाजला. रूपेश.

"नील्या, सापडला रं. खडकापाशी. कोळ्यांनी काढला."

नीलेशनं गाडी बाजूला घेतली.

"ऐक. पट्टा हाय अंगावर. पतंग नाय. कळ उघडलेली हाय. नील्या, दोरी कापलीय. धारेच्या वस्तूनं कापल्यावानी, सपाट. पोलीस इच्यारतायत, त्याच्याकडं सुरी व्हती का. मी सांगितलं, नव्हती. आन गाठ नाय. दोरीचं एक टोक लोंबतंय, पर गाठीचा तुकडा नाय."

नीलेशनं आपले दात चाचपले. दातांनी तुटलेली दोरी सपाट नसते, एवढं त्याला कळत होतं.

नेरळवरून तो पोशिरात आला तेव्हा बायका पाण्याला निघाल्या होत्या. विमलबाईच्या घराचं दार सताड उघडं होतं. ती उंबऱ्यात बसली होती. मांडीवर आडवा विळा. नीलेशचा. उजवी मूठ मिटलेली.

रस्ताभर तो मनातल्या मनात शब्द जुळवत आला होता. तिला बघून सगळे गेले. तो अंगणात उभा राहिला.

तीच बोलली. "तो गेला ना रं, नीलू?"

त्यानं मान हलवली.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "रातीला आला व्हता. दार आपटत व्हतं म्हनून मी उठले. दाराची चौकट धरून हुबा. नुसता चिंब भिजलेला. म्या म्हनलं, आत ये, अंग पूस, सर्दी व्हईल. आत येईना. म्हनला, आये, इळा आन. कमरंची दोरी काप. म्या म्हनलं, कुनी बांधलं रं तुला असं? काय बोलला नाय. म्या कापली." तिनं विळ्यावरून हात फिरवला. "कापली तसं दार आपटायचं थांबलं. हसला बघ माज्याकडं. ल्हानपनी न्हाऊ घातल्यावर हसायचा तसा. म्हनला, बरं वाटलं. म्या टॉवेल आनाया वळले..."

गोठ्यात म्हैस ओरडत होती, धार काढायची राहिली होती.

मग विमलबाईनं मूठ उघडली.

निळ्या नायलॉनचा तुकडा. ओला. दोन वेढे. शेवट खालून उलटा खोचलेला. आणि वेढे उलटे.

"म्या आजवर तुज्या गाडीच्या लई गाठी कापल्यात, नीलू," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं, असं नीलेश म्हणतो. "ही तुजी ना रं?"

"माजीच, काकी."

तो तुकडा तिनं त्याच्या तळहातावर ठेवला, त्याची बोटं स्वतःच्या हातानं मिटली, आणि धार काढायला गोठ्यात गेली.

झालं. त्यानं पोलिसांना सगळं खरं सांगितलं, रस्त्यावरचं सोडून. अपघातच होता तो, तसंच ठरलं. विमलबाई त्याला कधी वाईट बोलली नाही. गावात कोणालाही तिनं सांगितलं नाही. दर पावसाळ्याआधी तो तिचा पेंढा माळ्यावर चढवून देतो, पाठीवर एकेक भारा वाहून. गाडीनं नाही. कारण त्याला आता पेंढ्याची गाडी बांधता येत नाही.

येत नाही म्हणजे काय? बांधतो तो. हात तेच आहेत. पण त्यानं बांधलेली गाठ राहत नाही. आधी दोनदा भर रस्त्यात खेप सांडली. लोकांना वाटलं, दोरी कुजकी होती. नवी दोरी आणली. संध्याकाळी बांधली, सकाळी बघावं तर खाली पडलेली. सुटलेली नाही... कापलेली. एकदा तो रात्रभर कंदील घेऊन गाडीपाशी बसला. कोणी आलं नाही. पहाटे डुलकी लागली तेवढीच. त्यानं पेंढ्याचा धंदा बंद केला. आता गाडीतून माणसांची ने-आण करतो, बांधायचं काम घेत नाही.

मी हे सगळं ऐकलं, पण खरं सांगू? मला वाटलं पोराच्या मनाचा खेळ आहे. दुःखात माणूस काय काय बघतो. म्हणून आज मीच हट्ट केला. म्हटलं, नीलेश, माझ्या नातीचं सामान टपावर बांधून दे. तो म्हणाला, "नको आबा. माजी गाठ ऱ्हात नाय." मी म्हटलं, बांध रे, मी आहे इथं ओट्यावर, गाडी माझ्या डोळ्यांसमोर आहे. बघू कोण येतं. तुमच्यासमोर त्यानं बांधलं. चार ठिकाणी. बघितलंत ना? तू तर त्याला म्हणालीस, दादा, केवढी घट्ट.

तेव्हापासून गाडीवरून मी नजर हलवली नाही. कोणी गाडीपाशी गेलं नाही. कुत्रंसुद्धा नाही.

ऋतिका, बॅटरी घे. भिऊ नकोस गं, मी बघतोय. जा, गाडीपाशी जा. टपावर उजेड मार.

...काय गं?

बोल की.

...चारही?

सुटलीय की कापलीय? नीट बघ. टोक बघ.

...हं.

हात लावलास? ओली आहे?... पाऊस कुठं पडलाय. दंव पडायचे दिवसही नाहीत हे.

राहू दे. ये इकडे. पहाटे मी स्वतः बांधून देतो, माझी गाठ राहते. तुम्ही जा समुद्रावर, नाही म्हणत नाही. फक्त ती लाल कळ... ती कधी कोणी बांधू नका. कितीही झिजली तरी.

ये ना गं ओट्यावर. आणि ते बोट तोंडात घालू नकोस, ऋतिका.

खारट आहे ते. मघाशी तुम्ही जेवत होतात तेव्हा मी बघून आलोय.